नळाचे पाणी : शहराची जबाबदारी आणि आपली

(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात एका माध्यमिक शिक्षकाने दिलेले भाषण)





शिक्षण संस्थेच्या मेळाव्यात पाण्यावर भाषण कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. अशा सभांतून निकालाविषयी बोलतात, शिष्यवृत्त्यांविषयी बोलतात आणि गळतीविषयी तर हमखास बोलतात. मीही आज गळतीविषयीच बोलणार आहे. पण ती शाळेतील मुलांची गळती नव्हे, जमिनीखालच्या पाण्याच्या नळाची गळती. या दोन गळत्यांचा एकमेकींशी संबंध आहे, हे आपल्यापुढे मांडावे एवढाच माझा हेतू आहे.

मी शाळेत भूगोल शिकवतो. वर्गशिक्षक या नात्याने हजेरीपट माझ्याकडे असतो. जून-जुलै उजाडला की त्या पटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. चिठ्ठ्या येतात त्यांत कारणे ठरलेली असतात : जुलाब-उलट्या, टायफॉइड, कावीळ. कावीळ झालेला मुलगा तीन-चार आठवडे घरी राहतो. परत येतो तेव्हा अंगात त्राण नसते आणि बीजगणिताचे दोन धडे पुढे गेलेले असतात. घरात धाकटे भावंड आजारी पडले तर मोठी बहीण घरी बसते. तिच्या चिठ्ठीवर तर कारणही नसते. वर्षाअखेर आपण तिच्या प्रगतिपुस्तकावर 'अभ्यासात लक्ष नाही' असा शेरा पाहतो. त्या शेऱ्यामागे पाण्याचा एक पेला असू शकतो, हे आपल्या ध्यानी येत नाही.

पहिला क्रमांक, तरीही आजार

आता एक कोडे आपल्यापुढे ठेवतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने देशातील २१ शहरांच्या नळाच्या पाण्याची क्रमवारी जाहीर केली. भारतीय मानक ब्युरोने ठिकठिकाणच्या नळांचे नमुने घेऊन ते तपासले होते. त्यांत आपल्या मुंबईचा क्रमांक पहिला आला. मुंबईचे दहाच्या दहा नमुने कसोटीस उतरले. राजधानी दिल्लीचे अकरांपैकी अकरा नमुने नापास झाले. ही बातमी वाचून मुंबईकरांची छाती फुगली, आणि फुगावी अशीच ती होती.

मग आपल्या मोहल्ल्यातील मुलांना दर पावसाळ्यात टायफॉइड आणि कावीळ का होते? ती परीक्षा खोटी होती काय? मुळीच नाही. पण दहा नमुने म्हणजे दहा नळ. शहरात नळ लाखो आहेत. तलावातून निघालेले पाणी चांगले आहे, हे खरे. तुमच्या पेल्यातले पाणी दूषित असू शकते, हेही खरे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असतात हे समजले, म्हणजे आजचा विषय समजला. त्यासाठी पाण्याचा सगळा प्रवास पाहावा लागेल.

विहिरीपासून विहारपर्यंत

दोनशे वर्षांपूर्वीची मुंबई विहिरींचे आणि तलावांचे पाणी पीत असे. धोबी तलाव, गोवालिया टँक ही नावे आज उरली आहेत, तेथील पाणी गेले. क्रॉफर्ड मार्केटजवळची जुम्मा मशीद १८०२ च्या सुमारास बांधून पूर्ण झाली, ती एका जुन्या तलावावर उभी आहे. तेथील काळ्या दगडांच्या कमानी आणि खालचे झऱ्याचे पाणी आजही पाहावयास मिळते. परंतु वस्ती वाढली तशी ही उघडी पाणी-ठिकाणे अपुरी पडली आणि घाणही झाली. नारूसारखा रोग अशा पाण्यातूनच पसरत असे.

शेवटी १८६० मध्ये विहार तलाव बांधून पूर्ण झाला आणि शहराबाहेरून नळाने पाणी येऊ लागले. पुढे १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, स्वातंत्र्यानंतर मोडक सागर, १९७३ मध्ये अप्पर वैतरणा, त्यानंतर भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा अशी भर पडत गेली. आज या सात तलावांतून मुंबईला दररोज ३,८०० दशलक्ष लिटरांहून अधिक पाणी मिळते. त्यातील बहुतेक पाणी ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरांतून, शंभर-सव्वाशे किलोमीटर अंतर तोडून येते. विद्यार्थी मित्रांनो, हे नकाशावर एकदा बोट फिरवून पाहा. आपल्या घोटभर पाण्यामागे केवढा खटाटोप आहे ते कळेल.

हे पाणी भांडुप आणि पांजरापूर येथील केंद्रांत शुद्ध होते. भांडुपचे केंद्र आशियातील मोठ्या केंद्रांत गणले जाते. तेथे प्रथम तुरटीच्या जातीचे रसायन घालून गढूळपणा खाली बसवतात. मग पाणी वाळूच्या थरांतून गाळतात. शेवटी त्यात क्लोरीन मिसळतात. तेथून ते टेकड्यांवरील साठवण-जलाशयांत जाते. मलबार हिलच्या हँगिंग गार्डनखाली किंवा माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर असे जलाशय आहेत. तेथून ठरावीक वेळी आपापल्या भागात पाणी सोडतात. येथपर्यंतचे काम शहर पुष्कळ चांगले करते, हे मान्य केलेच पाहिजे. नापास होण्याची वेळ येते ती यापुढच्या वाटेवर.

शेवटचा फर्लांगभर रस्ता

आपल्याकडे पाणी दिवसाचे चोवीस तास येत नाही. कोठे दोन तास येते, कोठे चार तास येते. या एका गोष्टीत सारे रहस्य आहे.

नळात दाबाने पाणी वाहत असते तेव्हा नळाला बारीक भोक असले तरी आतले पाणी बाहेर जाते, बाहेरची घाण आत येत नाही. हा दाब म्हणजे नळाचा पहारेकरीच म्हणा ना! पण पाणी बंद झाले की पहारेकरी निघून जातो. नळ रिकामा होताना आत पोकळी तयार होते आणि तेच भोक आता बाहेरचे पाणी आत ओढते. बाहेर काय असते? ओली माती असते, आणि आपल्या जुन्या वस्त्यांत बहुतेक ठिकाणी शेजारीच गटार असते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की रात्री आत शिरलेले ते पाणी सर्वांत पुढे, सर्वांत आधी आपल्या हंड्यात येते.

ही केवळ कल्पना नव्हे. कर्नाटकातील हुबळी-धारवाड या जोडशहरात काही वॉर्डांना चोवीस तास पाणी मिळू लागले आणि उरलेल्या शहराला पूर्वीसारखेच काही दिवसांआड मिळत राहिले. पाणी एकच, शुद्धीकरणही एकच. संशोधकांनी वर्षभर दोन्हीकडच्या नळांचे नमुने तपासले आणि २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चोवीस तास पाणी येणाऱ्या भागात विष्ठेतून येणारे ई-कोलाय हे जंतू शंभरांतल्या एखाद्याच नमुन्यात सापडले. थांबून-थांबून पाणी येणाऱ्या भागात ते जवळजवळ एकतृतीयांश नमुन्यांत सापडले. पाणी सुटल्यानंतरचा पहिला लोंढा अधिक दूषित असतो, हेही तेथे दिसून आले.

आता रस्त्यावरची मोठी वाहिनी सोडून आपल्या दारापर्यंत येऊ. मोठ्या वाहिनीपासून इमारतीपर्यंत येणारी जी बारीक जोडणी असते, ती सांभाळण्याची जबाबदारी पाणी घेणाऱ्याची असते. पुष्कळ पालकांना हे ठाऊक नसते. ती जोडणी लोखंडी असते, गंजते. चाळींच्या आणि झोपडपट्ट्यांच्या गल्लीत तर अशा दहा-वीस नळ्यांचे जुडगे सरळ गटारातूनच गेलेले आपण रोज ओलांडतो. लहान मूलही सांगेल की गटारात बुडालेल्या गंजक्या नळीतून स्वच्छ पाणी येणार नाही. पण रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे माणूस पाहीनासा होतो.

त्यानंतर येते इमारतीची जमिनीखालची टाकी आणि गच्चीवरची टाकी. खालच्या टाकीचे झाकण फुटलेले, तिच्याच बाजूला सांडपाण्याचे चेंबर. वरच्या टाकीत शेवाळ, कधी मेलेले कबूतर. भांडुपच्या इंजिनियरने पाठवलेले चांगले पाणी आपणच या टाक्यांत ओततो आणि मग त्यालाच दोष देतो.

पंपाचा प्रश्न

आणखी एक गोष्ट बोलावयाची आहे. ती अप्रिय आहे, पण आपल्याच माणसांत बोलायची नाही तर कोठे बोलायची?

दाब कमी झाला की आपण नळाला थेट पंप लावतो. एकाने लावला की शेजाऱ्याचे पाणी तुटते, म्हणून शेजारी लावतो. मग सारी गल्ली लावते. हे पंप महापालिकेच्या नियमांविरुद्ध आहेत, हे तर झालेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की पंप पाणी ओढतो तेव्हा वाहिनीतला उरलासुरला दाबही जातो. म्हणजे जे काम पाणी बंद झाल्यावर व्हायचे, ते पाणी चालू असतानाच होऊ लागते. गळक्या सांध्यातून गटाराचे पाणी ओढले जाते. ते पंप लावणाऱ्याच्या घरी जाते, तसेच गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, पंप घेण्याची ऐपत नसलेल्या विधवेच्या घरीही जाते.

पंप लावणारा दुष्ट असतो असे मी म्हणत नाही. घरात आजारी आई आहे, पाणी चढत नाही, त्याने काय करावे? त्याची अडचण खरी आहे. पण एकट्याच्या अडचणीला एकट्याने काढलेला तोडगा साऱ्या गल्लीला आजारी पाडतो. म्हणून हा प्रश्न एकेकट्याने सुटणारा नाही. सर्वांनी एकाच दिवशी पंप काढले आणि सर्वांनी मिळून दाबाची तक्रार केली, तरच तो सुटेल.

रंग, वास आणि चव

आपण पाण्याची पारख कशी करतो? रंग पाहतो, वास घेतो, चव घेतो. वुजूचे पाणी योग्य की नाही हे ठरवतानाही रंग, वास आणि चव बदलली आहे का हे पाहण्याची शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. आपल्या जागी ती योग्यच आहे, तिला माझे काही म्हणणे नाही. परंतु टायफॉइडच्या जंतूला रंग नाही, काविळीच्या विषाणूला वास नाही, आणि दोघांनाही चव नाही. पेला उजेडात धरून पाणी निर्मळ दिसले म्हणजे ते पिण्यास निर्धोक झाले, असे समजता येत नाही.

याचा मोठा दाखला दिल्लीत घडला. १९५५ च्या पावसाळ्यानंतर यमुनेने पात्र बदलले आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत उलटे आले. अधिकाऱ्यांनी क्लोरीन वाढवले. त्यामुळे टायफॉइड आणि कॉलरा आवरले गेले, पण काविळीचा विषाणू त्यातून निसटला. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पुढे कितीतरी वर्षांनी, जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून कळले की ती आज आपण हिपॅटायटिस 'ई' म्हणतो ती कावीळ होती. ही कावीळ गर्भवती स्त्रियांच्या जिवावर बेतते, हे माता-भगिनींनी विशेष लक्षात ठेवावे.

दिल्ली दूर वाटत असेल तर जवळची उदाहरणे आहेत. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात हातापायांतील शक्ती जाणाऱ्या गिया-बारे या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. रुग्णांच्या तपासणीत पोटात संसर्ग करणारे जंतू सापडले आणि संशयाचे बोट पाण्याकडे वळले. या साऱ्या रोगांत आणखी एक फसवणूक असते. काविळीचा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात. तोवर कोणते पाणी बाधले हे आपण विसरून गेलेलो असतो आणि दोष देतो बाहेरच्या वड्याला.

मग ओळखायचे कसे? नळाच्या पाण्याला येणारा औषधाचा वास, ज्याला आपण नाक मुरडतो, तो क्लोरीनचा वास आपला मित्र आहे. मानक ब्युरोच्या नियमाप्रमाणे नळापर्यंत पोहोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत चिमूटभराहूनही कमी. पण ते शिल्लक असेल तर वाटेत शिरलेल्या पुष्कळ जंतूंचा ते समाचार घेते. ते शून्य असेल तर वाटेत कोठेतरी घाण शिरून ते खर्ची पडले असावे, किंवा पाणी फार दिवस साठून राहिले असावे, असे समजावे.

उपाय आणि उपायांचे भ्रम

ज्याच्या खिशाला परवडते तो यंत्र घेतो. आरओ नावाचे यंत्र आता घरोघरी दिसते. ते जंतू अडवते हे खरे. पण त्याचा मुख्य उपयोग खारे पाणी गोडे करण्याचा. मुंबईचे पाणी म्हणजे तलावात साठलेला पाऊस, त्यात क्षार मुळातच थोडे. यंत्र जेवढे पाणी देते त्याहून अधिक बहुधा मोरीत सोडते. जेथे क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत तेथे अशा यंत्रांना मनाई करावी, असा निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्र सरकारला दिला होता. शिवाय यंत्रातून आलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. ते उघड्या भांड्यात ठेवून त्यात हात बुडवला की हजारो रुपयांची किंमत एका क्षणात गेली. लग्नकार्यात येणाऱ्या थंड पाण्याच्या जारविषयी तर एवढेच विचारा की तो कोणी भरला, कोठे भरला, केव्हा भरला. बहुधा उत्तर मिळणार नाही.

तुरटी फिरवल्याने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. नळाच्या तोंडाला बांधलेले फडके महिनोन् महिने तेथेच राहते आणि स्वतःच जंतूंचे घर होते. मात्र गाळून पिण्याच्या सवयीला मी कमी लेखत नाही. मघाशी ज्या नारूचा उल्लेख केला, तो रोग भारतातून गेला. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० साली देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्या रोगावर लसही नव्हती, औषधही नव्हते. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, पाणी फडक्याने गाळले आणि गावोगावी लोकांना समजावले, एवढ्यावर रोग हटला. शिस्तीने काय साधते ते यावरून दिसते.

आता घरात करावयाच्या गोष्टी सांगतो. त्यांना पैसा फारसा लागत नाही.

पाणी सुटल्यावर पहिल्या दोन-तीन बादल्या फरशी पुसण्यास आणि शौचालयास वापराव्यात, पिण्याचे पाणी मागाहून भरावे. पावसाळ्यात आणि घरात तान्हे मूल, गर्भवती किंवा आजारी माणूस असेल तर बारमाही पाणी उकळावे. चांगली खळखळून उकळी फुटली की मिनिटभर राहू द्यावी आणि त्याच भांड्यात झाकून थंड करावे. पिण्याचे भांडे झाकणाचे असावे, शक्यतो खाली तोटी असलेले. नसेल तर लांब दांडीचे ओगराळे वापरावे, पेला आणि बोटे आत बुडवू नयेत. शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुवावेत. जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडू नये. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे व डॉक्टरांकडे न्यावे. टायफॉइडवर आणि 'ए' जातीच्या काविळीवर लस आहे. शेजारच्या नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना टायफॉइडची नवी लस टोचण्याची मोहीम काढली होती. आपल्या मुलांसाठी डॉक्टरांना विचारावे.

इमारतीत करावयाच्या गोष्टी अशा. टाक्या वर्षातून दोनदा, निदान पावसाळ्यापूर्वी एकदा, रिकाम्या करून घासून घ्याव्यात व तारीख टाकीवर रंगाने लिहावी. झाकणे बसवावीत. गटारातून आलेली जोडणी वर्गणी काढून वर उचलून घ्यावी. आपण रोषणाईसाठी वर्गणी काढतो, कव्वालीसाठी काढतो. वीस बिऱ्हाडांनी एका नळीसाठी काढली तर एका घराच्या इस्पितळाच्या बिलाएवढाही खर्च येणार नाही.

तक्रार म्हणजे भांडण नव्हे

घरात आणि इमारतीत आपण काळजी घेतली म्हणून शहराची जबाबदारी संपत नाही. पाणी हा कोणाच्या मेहरबानीचा विषय नाही. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अनधिकृत झोपडीत राहणाऱ्यालाही पिण्याच्या पाण्याचा हक्क आहे असे सांगितले. मे २०२२ मध्ये महापालिकेने 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण जाहीर केले. ज्या आईला गटारातून नळी टाकून पाणी घ्यावे लागते, तिला रीतसर जोडणी मागता येते आणि तिने ती मागितली पाहिजे.

पण तक्रार कशी करावी हेही शिकले पाहिजे. चौकात उभे राहून शिव्या दिल्या तर कोणी ऐकत नाही. १९१६ या क्रमांकावर कळवावे आणि वॉर्डातील पाणी खात्याला लेखी अर्जही द्यावा. अर्जात तारीख, वेळ, गल्ली, पाण्याचा रंग वा वास, आणि त्या आठवड्यात किती घरांत किती आजारी पडले ते लिहावे. वीस सह्या असाव्यात. पोच घ्यावी आणि फाइल ठेवावी. ज्या मोहल्ल्यात अर्ज लिहिता येणारी चार माणसे आहेत, त्या मोहल्ल्यातले गळके सांधे आधी दुरुस्त होतात, हा व्यवहार आहे. आपल्या मुलांनी शिकावे असे आपण म्हणतो ते याचसाठीही म्हणतो.

विद्यार्थ्यांसाठी काम

विद्यार्थी मित्रांनो, या बाबतीत आपल्या वडीलधाऱ्यांपेक्षा तुम्ही अधिक करू शकता. पाण्यातला क्लोरीन तपासणारी साधी रसायने मिळतात. नळाच्या पाण्यात ती घातली की गुलाबी रंग येतो, आणि रंग जितका गडद तितका क्लोरीन अधिक. दुसरी एक बाटलीची चाचणी ग्वाल्हेरच्या संशोधकांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. बाटलीत औषध लावलेला कागद असतो. त्यात पाणी भरून उबेत एक-दोन दिवस ठेवले आणि ते काळे पडले, तर पाण्यात विष्ठेची घाण असण्याचा दाट संभव असतो. ही प्रयोगशाळेची जागा घेणारी चाचणी नव्हे, पण धोक्याची घंटा म्हणून ती पुरेशी आहे.

माझी सूचना अशी आहे. विज्ञान शिक्षकांच्या देखरेखीखाली नववीच्या मुलामुलींची एक तुकडी करावी. तिने दर आठवड्यास शाळेच्या टाकीचे आणि विद्यार्थ्यांच्या घरांतील दहा नळांचे पाणी तपासावे. नोंद एका वहीत ठेवावी : तारीख, गल्ली, पाणी सुटल्याची वेळ, क्लोरीन आहे की नाही. शेजारच्या रकान्यात त्या आठवड्यात आजारामुळे गैरहजर असलेल्यांची संख्या लिहावी. वर्षभरात ती वही आपल्या वस्तीचा असा नकाशा होईल, जो आज कोणत्याही कार्यालयात नाही. अर्जासोबत त्या वहीची प्रत जोडली तर अर्जाचे वजन किती वाढेल याचा विचार करा. गणित, विज्ञान, भूगोल आणि नागरिकशास्त्र हे चारही विषय त्या एका वहीत शिकून होतील.

पालकहो, माझे भाषण लांबले. जाताना तीन गोष्टी आपण सर्वांनी मिळून ठरवाव्यात, अशी माझी विनंती आहे. पहिली, येत्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या इमारतीच्या टाक्या धुऊन घेणे. दुसरी, गल्लीची बैठक बोलावून नळाला थेट लावलेले पंप एकाच दिवशी काढणे आणि त्याच दिवशी कमी दाबाचा अर्ज देणे. तिसरी, शाळेच्या पाणी-वहीसाठी आपल्या घराचा नळ खुला ठेवणे. मुले बाटली घेऊन दारात आली तर त्यांना परत पाठवू नका.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी चाचणीच्या साहित्याचा खर्च उचलावा, अशी या व्यासपीठावरून नम्र विनंती करतो. पुढील वर्षी याच मेळाव्यात निकालाच्या टक्केवारीबरोबर त्या वहीतली आकडेवारीही वाचून दाखवता यावी, आणि जुलै-ऑगस्टच्या हजेरीपटावरच्या खुणा थोड्या तरी कमी झालेल्या असाव्यात, अशी सदिच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज.